विशेष मुलांच्या केंद्राची इमारत आणि साधनसामग्री: निधी कोठून आणि कोणत्या क्रमाने उभारावा?

प्रश्न : केंद्र सचिव, लातूर जिल्हा

सर्वांना सप्रेम नमस्कार. लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आम्ही बौद्धिक अक्षमता आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी दिवसभराचे केंद्र चालवतो. संस्थेची नोंदणी २०१४ मध्ये झाली. ती १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही आहे. आज ६ ते १८ या वयोगटातील ४२ मुले केंद्रात येतात. दोन विशेष शिक्षिका, आठवड्यातून तीन दिवस येणारे एक फिजिओथेरपिस्ट आणि दोन मदतनीस असा आमचा परिवार आहे. वर्षाचा खर्च सुमारे ८ लाख रुपये असून तो गावातील व्यापारी, डॉक्टर, निवृत्त शिक्षक आणि पुण्या-मुंबईला गेलेली गावची मंडळी यांच्या देणग्यांतून भागतो.

सध्या केंद्र भाड्याच्या दोन खोल्यांत भरते. या खोल्या पहिल्या मजल्यावर आहेत. चालता न येणाऱ्या अकरा मुलांना रोज सकाळी उचलून वर न्यावे लागते आणि दुपारी उचलून खाली आणावे लागते. मुले मोठी होत चालली आहेत, त्यांच्या आयांच्या पाठी आता साथ देत नाहीत, आणि गेल्या पावसाळ्यात निसरड्या जिन्यावर एक मदतनीस मुलाला घेऊनच घसरल्या. सुदैवाने दोघांनाही फारसे लागले नाही, परंतु तळमजल्यावरची स्वतःची जागा हवीच, असा निर्णय कार्यकारी मंडळाने त्या दिवशी घेतला.

आमचे एक ज्येष्ठ विश्वस्त गावाबाहेरच्या रस्त्यालगतची आपली १० गुंठे जमीन संस्थेला देण्यास तयार आहेत. स्थानिक अभियंत्याने सुमारे २,८०० चौरस फुटांच्या बांधकामाचा ६२ लाख रुपयांचा अंदाज दिला आहे. फिजिओथेरपीची साधने, संवेदी कक्षाचे साहित्य, विशेष खुर्च्या आणि चाकाच्या खुर्च्या यांसाठी आणखी ९ लाख रुपये लागतील. आमच्याकडे ८०-जी प्रमाणपत्र (देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारे) आहे, परदेशी देणग्या घेण्याची परवानगी नाही.

गेल्या आठ महिन्यांत आम्ही १७ कंपन्यांना पत्रे पाठवली. तीन ठिकाणांहून नम्र नकार आला, बाकीच्यांकडून काहीच उत्तर आले नाही. इमारतीसाठी आणि साधनांसाठी अनुदान नेमके कोणाकडे मागावे, आणि आमच्या पत्रांत काय उणे राहिले असावे, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

उत्तर १ : निवृत्त सीएसआर अधिकारी, पुणे

आपले काम मोलाचे आहे. मी एका उत्पादक कंपनीच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) विभागात अकरा वर्षे अर्ज वाचण्याचे काम केले, त्या अनुभवावरून लिहितो.

पहिली गोष्ट, इमारत आणि साधने यांची मागणी एकाच पत्रात करू नका. ७१ लाखांचा आकडा पाहिल्यावर ९ लाख सहज देऊ शकणारी कंपनीसुद्धा कागद बाजूला ठेवते. साधने आठ-पंधरा दिवसांत विकत घेता येतात, त्यांचे देयक मिळते, छायाचित्र मिळते आणि त्याच आर्थिक वर्षात खर्च पूर्ण झाल्याचे दाखवता येते. जानेवारी ते मार्च या काळात अनेक कंपन्यांकडे वर्षाची काही रक्कम खर्चाविना उरलेली असते. त्या वेळी तीन दरपत्रकांसह तयार असलेला साधनांचा प्रस्ताव समोर आला, तर तो मंजूर होण्याची शक्यता पुष्कळ असते. इमारतीचे तसे नाही. तिला एकाहून अधिक वर्षे लागतात. म्हणून कंपनीच्या संचालक मंडळाला ती 'चालू प्रकल्प' म्हणून घोषित करावी लागते, आणि अशा प्रकल्पाला सुरुवातीचे वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे मिळतात. हा निर्णय वर्षाच्या वार्षिक कृती आराखड्यात बसवावा लागत असल्याने इमारतीचा प्रस्ताव फेब्रुवारीत पाठवून उपयोग नाही. तो आधीच्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास त्या कंपनीच्या टेबलावर असायला हवा.

दुसरी गोष्ट, आपण पत्रे कोणाला पाठवली? कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करावी लागते, आणि त्यात आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायद्यातच म्हटले आहे. त्यामुळे मुंबईतील मोठ्या नावांच्या मागे लागण्यापेक्षा आपल्या जिल्ह्यात ज्यांचा कारखाना, गोदाम, पवनचक्क्या किंवा सौर प्रकल्प आहे अशा कंपन्या शोधा. केंद्र सरकारच्या सीएसआर संकेतस्थळावर कोणत्या कंपनीने कोणत्या जिल्ह्यात कशावर खर्च केला याची माहिती मिळते. तेथे लातूर, धाराशिव, बीड आणि नांदेड हे चार जिल्हे दोन दिवस बसून पाहा. मराठवाड्यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : सहकारी साखर कारखाना ही कंपनी नव्हे, त्याला हे कलम लागू नाही, परंतु खासगी साखर कारखाना कंपनी असल्याने नफ्याची अट पूर्ण करत असेल तर त्याला ते लागू होते. राष्ट्रीयीकृत बँकांनाही कलम १३५ बंधनकारक नाही, तरी त्या स्वतःच्या धोरणानुसार अशा कामांना मदत करतात, आणि तेथे शाखा व्यवस्थापकाची शिफारस फार उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट कदाचित आपल्या १७ पत्रांच्या मौनाचे कारण असेल. १ एप्रिल २०२१ पासून कंपनीकडून सीएसआरचे काम घेणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे 'सीएसआर-१' हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. आपल्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही. तो क्रमांक नसेल तर अर्ज पहिल्याच चाळणीत गळतो आणि तसे कोणी कळवतही नाही. अर्ज ऑनलाइन असून सनदी लेखापालाच्या डिजिटल प्रमाणीकरणाने भरला जातो. त्यासाठी १२-ए (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करसूट देणारी नोंदणी) आणि ८०-जी दोन्ही हवीत आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. तो आपल्यापाशी आहेच.

शेवटी प्रस्तावाविषयी. आपण या प्रश्नात जिन्याबद्दल जे लिहिले आहे, ते आपल्या पत्रात होते का? माझा अंदाज आहे की नव्हते. संस्थेची स्थापना, उद्दिष्टे, मान्यवरांच्या भेटी यांनी पहिले पान भरलेले असते आणि अकरा मुलांना उचलून न्यावे लागते ही गोष्ट कोठेच नसते. पहिल्या परिच्छेदात ते एवढेच लिहा. त्यानंतर लगेच इमारत झाल्यावर वर्षाचा खर्च किती वाढेल आणि तो कोण देईल, याचे उत्तर द्या. वीज, पाणी, सफाई, रखवालदार, दुरुस्ती हे सारे त्यात आले पाहिजे. इमारत बांधून दिली आणि दोन वर्षांनी तिला कुलूप लागले, ही प्रत्येक देणगीदाराची सर्वांत मोठी भीती असते.

उत्तर २ : सनदी लेखापाल, छत्रपती संभाजीनगर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु माझ्या मते आपला खरा प्रश्न निधीचा नसून जमिनीचा आहे. विश्वस्त जमीन 'देण्यास तयार आहेत' असे आपण लिहिले आहे. म्हणजे सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे. या अवस्थेत कोणतीही जबाबदार कंपनी एक रुपयाही देणार नाही आणि देऊही शकत नाही. २०२१ मध्ये सुधारलेल्या सीएसआर नियमांनुसार त्या पैशांतून निर्माण झालेली भांडवली मालमत्ता सीएसआर नोंदणी क्रमांक असलेली धर्मादाय संस्था, लाभार्थ्यांचा समूह किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याच मालकीची असावी लागते. खासगी व्यक्तीच्या जमिनीवर उभी राहिलेली इमारत या नियमात बसवणे अवघड आहे.

स्थावर मालमत्तेचे बक्षीस नोंदणीकृत बक्षीसपत्रानेच पूर्ण होते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे त्यावर देणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार लागतात. शंभर रुपयांच्या मुद्रांकावरचे संमतीपत्र किंवा कार्यकारी मंडळाचा ठराव पुरत नाही. ती जमीन वडिलोपार्जित आहे की त्या गृहस्थांनी स्वतः घेतलेली, हे पाहा. वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या हिंदू उत्तराधिकार सुधारणेनंतर मुलींचाही जन्मतः समान हक्क आहे, आणि सर्व हक्कदारांच्या सह्या आज घेणे पुढे न्यायालयात जाण्यापेक्षा शतपटीने सोपे आहे. जमीन शेतीची असेल तर आणखी एक पायरी आहे. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू असून शेतकरी नसलेल्याकडे, म्हणजे आपल्या संस्थेकडे, शेतजमीन हस्तांतरित करण्यापूर्वी महसूल अधिकाऱ्यांची परवानगी लागते. दहाच गुंठे वेगळे काढायचे असल्याने तुकडेबंदीचा (शेतजमिनीचे फार लहान तुकडे करण्यास मनाई करणारा) नियम आड येतो का, हेही तहसील कार्यालयात आधी विचारा. नंतर अकृषिक वापर, मग बांधकाम परवानगी. हा क्रम उलटा झाला की एकेक वर्ष वाया जाते.

बक्षीसपत्र नोंदले गेल्यावर ९० दिवसांच्या आत धर्मादाय उपआयुक्त किंवा सहायक आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज दाखल करून ती जमीन परिशिष्ट एकवर, म्हणजे त्या कार्यालयातील संस्थेच्या नोंदवहीत, चढवून घ्या. पुष्कळ संस्था हे काम वर्षानुवर्षे लांबवतात आणि देणगीदाराने परिशिष्टाचा उतारा मागितला की धावाधाव सुरू होते. बांधकामासाठी कर्ज काढण्याचा विचार कोणी सुचवला, तर त्यासाठीही धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे लक्षात असू द्या.

आता पैशांच्या हिशेबाविषयी. इमारतीसाठी व्यक्तींकडून देणग्या घेणार असाल, तर प्रत्येक देणगीदाराकडून 'ही रक्कम इमारत निधीच्या कायम निधीसाठी देत आहे' असे लेखी पत्र घ्या. असे पत्र नसेल तर ती रक्कम त्या वर्षाचे उत्पन्न धरली जाते आणि उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी खर्च करण्याचे बंधन तिला लागते. ८ लाखांवर चालणाऱ्या संस्थेकडे एका वर्षी २० लाख आले आणि बांधकाम सुरूच झाले नाही, तर अडचण होते. ठरावीक नमुन्यात हेतू जाहीर करून अशी रक्कम पाच वर्षांपर्यंत साठवण्याची सोय आहे, पण तो नमुना मुदतीत भरावा लागतो. नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. लोक ८०-जी हेच नाव वापरत असले, तरी पावत्या आणि नमुने आपल्या लेखापरीक्षकाकडून एकदा तपासून घ्या.

वस्तुरूपाने दिलेल्या देणगीवर ८०-जीची सवलत मिळत नाही. कोणी व्यापारी पाच चाकाच्या खुर्च्या आणून देतो म्हणाले, तर ते पुण्याचे काम आहेच, परंतु त्यांना करसवलत हवी असेल तर त्यांनी संस्थेला धनादेश द्यावा आणि खरेदी संस्थेने करावी. रोख देणगी २,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तरीही ही सवलत मिळत नाही.

आपल्या ६२ लाखांच्या अंदाजात वस्तू व सेवा कर धरलेला आहे का? साहित्यासह बांधकामाच्या कंत्राटावर सर्वसाधारणपणे १८ टक्के कर लागतो, आणि आपल्यासारख्या संस्थेला त्याची वजावट मिळत नाही. अभियंत्याने तो धरला नसेल तर खर्च ७३ लाखांच्या पुढे जातो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : केंद्र सचिव, लातूर जिल्हा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सीएसआर-१ आम्ही भरलेला नाही. असे काही असते हेच आम्हाला ठाऊक नव्हते. अंदाजपत्रकात कर धरलेला नाही, हे आजच अभियंत्याला विचारून कळले. जमीन वडिलोपार्जित आहे. विश्वस्त ७८ वर्षांचे असून त्यांना एक मुलगा आणि दोन विवाहित मुली आहेत. मुलाची संमती आहे, मुलींना कोणी विचारलेले नाही. सरकारी योजनांतून किंवा परदेशी संस्थांकडून काही मिळू शकते का, हेही कोणी सांगावे.

उत्तर ३ : विश्वस्त, दिव्यांग संस्था, रत्नागिरी जिल्हा

आमची संस्था आपल्यापेक्षा थोडी जुनी आहे आणि या वाटेवरून गेलेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सरकारी योजनांकडून इमारतीची फारशी अपेक्षा ठेवू नका, परंतु त्यांच्याकडे पाठही फिरवू नका. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ मध्ये स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांचा समावेश आहे. त्या न्यासाकडे संस्थेची नोंदणी करता येते, आणि त्याच्या दिवसकेंद्रांच्या योजनांत केंद्र उभे करण्याचा सुरुवातीचा खर्च आणि पुढचा चालवण्याचा खर्च यांसाठी मदत असते, बांधकामासाठी नसते. त्याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत प्रत्येक मुलाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण मिळते. त्याचा इमारतीशी संबंध नाही, पण आपल्या ४२ मुलांपैकी कोणाचे राहिले असेल तर आधी ते करून घ्या. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ नुसार अशा संस्थेला सक्षम प्राधिकाऱ्याकडून नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते नसेल तर सरकारचे कोणतेही दार उघडत नाही. केंद्र सरकारच्या अनुदानासाठी नीती आयोगाच्या 'दर्पण' या स्वयंसेवी संस्थांच्या संकेतस्थळावरचा क्रमांकही लागतो.

साधनांसाठी एक जवळचा मार्ग फार कमी संस्था वापरतात. ग्रामपंचायत, नगरपरिषद, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. आमच्या मुलांच्या काही विशेष खुर्च्या आणि श्रवणयंत्रे याच निधीतून आली. त्यासाठी संस्थेच्या नावाने नव्हे, तर मुलांच्या पालकांच्या नावाने, प्रत्येकाच्या दिव्यांग प्रमाणपत्रासह अर्ज केले होते. अर्थसंकल्प ठरण्यापूर्वी अर्ज पोहोचले पाहिजेत.

खासदार आणि आमदार निधीतून नोंदणीकृत संस्थेला इमारत मिळू शकते. मात्र बांधकाम सरकारी यंत्रणा करते, संस्थेच्या हातात पैसे येत नाहीत, आणि शिफारस करणारे लोकप्रतिनिधी किंवा त्यांचे कुटुंबीय त्या संस्थेचे पदाधिकारी असता कामा नयेत.

परदेशी मदतीत आपल्या गरजेला सर्वांत जवळची योजना जपान सरकारची आहे. तळागाळातील मानवी सुरक्षा प्रकल्पांसाठीचे हे अनुदान इमारत आणि साधने यांसाठीच दिले जाते. पगार आणि दैनंदिन खर्च त्यात बसत नाहीत. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईतील जपानच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. परंतु त्यासाठी विदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी, म्हणजे परदेशी देणग्या घेण्याची परवानगी, हवी. तिला किमान तीन वर्षांचे अस्तित्व आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाखांचा खर्च ही अट आहे. आपला खर्च पाहता आपण ती पूर्ण करता. नोंदणी मिळाली तर पैसे प्रथम नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतात. हा दोन वर्षांनंतरचा मार्ग समजा, पण अर्जाची तयारी आजपासून करा.

रोटरीचे जागतिक अनुदान लोक नेहमी सुचवतात. त्यातून माणसे राहतील किंवा काम करतील अशी नवी इमारत बांधता येत नाही, साधने मात्र घेता येतात. प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो आणि परदेशातील एक क्लब सोबत लागतो. आपल्या ९ लाखांच्या साधनांसाठी हे मोठे पडेल. लातूर-धाराशिवमधील तीन-चार केंद्रांनी मिळून एकच प्रस्ताव केला तर जमू शकते, आणि आम्ही तसाच केला होता.

आता एक कटू अनुभव सांगते, कारण तो आपल्या बाबतीत होऊ नये. एका कंपनीने आम्हाला संपूर्ण इमारत देण्याचे तोंडी कबूल केले. भूमिपूजन झाले, पहिला हप्ता आला, जोत्यापर्यंत काम झाले आणि ज्या अधिकाऱ्यांनी हे सारे जुळवले त्यांची बदली झाली. नव्या वर्षी कंपनीने जलसंधारण हा विषय घेतला. आमचे जोते दोन पावसाळे उघडे राहिले, त्यावर रान माजले, आणि पालक येता-जाता ते पाहत होते. मला आजही त्या दिवसांची आठवण नको वाटते. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, करारात हप्ते बांधकामाच्या टप्प्यांशी जोडून लिहिल्याशिवाय कुदळ मारायची नाही. दुसरी, इमारत अशी आखायची की तिचा प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे वापरता येईल. आम्ही आधी दोन वर्ग, स्वच्छतागृह आणि उतार एवढेच पूर्ण केले आणि त्यातच केंद्र हलवले. मुले तेथे शिकताना दिसू लागल्यावर उरलेल्या दोन खोल्यांना देणगीदार दीड वर्षात मिळाले.

उत्तर ४ : वास्तुरचनाकार, सोलापूर

टप्प्यांच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. फक्त पाया, सांडपाण्याची वाहिनी आणि वीजजोडणी यांची आखणी पहिल्याच टप्प्यात पूर्ण इमारतीसाठी करून घ्या, नाहीतर दुसऱ्या टप्प्यात फरशी फोडावी लागते. उताराचे प्रमाण १ : १२ हून तीव्र नसावे, दारांची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर असावी आणि निदान एका स्वच्छतागृहात चाकाची खुर्ची पूर्ण वळेल एवढी जागा असावी. स्थानिक अभियंत्याच्या नकाशात या गोष्टी अनेकदा राहून जातात. नंतर दुरुस्ती करण्यापेक्षा आज नकाशा बदलणे जवळजवळ फुकट आहे. २,८०० चौरस फुटांतील पहिला टप्पा १,१०० चौरस फुटांचा धरला, तर आपल्याच दराने तो करासह २९ लाखांच्या आसपास बसतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : केंद्र सचिव, लातूर जिल्हा

काल संध्याकाळी कार्यकारी मंडळाच्या बैठकीत ही सर्व उत्तरे वाचून दाखवली. जमीन संस्थेच्या नावावर होऊन परिशिष्टावर चढेपर्यंत इमारतीसाठी कोणाकडेही मागणी करायची नाही, असे ठरले. सीएसआर-१ चे काम लेखापरीक्षकांकडे सोपवले आहे, आणि ९ लाखांच्या साधनांचा वेगळा प्रस्ताव जानेवारीपूर्वी तयार होईल. ज्येष्ठ विश्वस्तांनी बैठकीतूनच दोन्ही मुलींना फोन केला. धाकट्या कन्येने होकार दिला. थोरल्या कन्येने कागद स्वतः वाचून मगच सही करीन असे सांगितले, आणि त्यासाठी त्या पुढच्या आठवड्यात येणार आहेत. त्यांना केंद्रही दाखवणार आहोत, सकाळी साडेनऊ वाजता, मुले जिन्याने वर येतात त्या वेळी.

तोपर्यंत तळमजल्यावरची एखादी खोली भाड्याने मिळते का, याचाही शोध सुरू केला आहे. रत्नागिरीच्या ताईंना विनंती अशी की, आपल्या करारातील हप्त्यांचा मजकूर, कंपनीचे नाव वगळून, येथे देता आला तर आमच्यासह इतरांनाही त्याचा उपयोग होईल.